आधी व्हिडिओ कॉल, मग स्टेटस, मग रील: खानापूर तालुक्यातल्या एका शिलाईवाल्या बाईंचं प्रकरण

हे प्रकरण कुणाचं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात नंदगड भागातलं एक गाव. बाईंचं नाव बदललंय, शोभाक्का म्हणूया, ओळख पटेल असे एकदोन तपशीलपण बदललेत आणि त्यांनी सगळं ऐकून "लिही" म्हटल्यावरच लिहायला घेतलंय. मी या भागात बायकांच्या संघांचे, म्हणजे बचत गटांचे, हिशेब, कर्ज, हप्ते बघते, त्या निमित्तानं घराघरात जाणं होतं, आणि हे प्रकरण माझ्याकडं आलं ते फोनचं म्हणून नाही तर थकलेल्या हप्त्याचं म्हणून.

सोशल मीडियाचा नाद म्हटलं की सगळ्यांना कॉलेजची पोरं आठवतात. पण गावात आता जे नव्यानं फोनवर येतायत त्यात पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायका आणि कामावरून निवृत्त झालेली माणसं भरपूर आहेत, आणि त्यांना कुणी काहीच सांगत नाही, पोरं फोन हातात देतात, व्हिडिओ कॉल कसा उचलायचा एवढं दाखवतात आणि पुण्याला निघून जातात. पुढचं सगळं तो फोनच शिकवतो.

पार्श्वभूमी

शोभाक्कांचं वय 47. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. नवरा गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये, चतुर्थीला, यात्रेला आणि मधे कधी सुट्टी मिळाली तर येतो, चोर्ला घाट बंद असला की तेपण नाही. मुलगा चाकणला कंपनीत. घरी त्या आणि सासू, वय 74. बाजूला दिराचं घर, तिथं पुतणी, बी.कॉम.ला. शोभाक्का वीस वर्षं ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक शिवतात, गावातल्या आणि आजूबाजूच्या दोन वाड्यांतल्या बायका त्यांच्याकडंच येतात.

2022 च्या दिवाळीत मुलानं नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. कारण एकच, व्हिडिओ कॉल. त्यात काही चूक नव्हती. वर्षात दोनदा दिसणारा पोरगा रोज रात्री जेवताना दिसायला लागला, सासूबाई पण येऊन बसायच्या आणि "जेवलास काय रे" म्हणून विचारायच्या.

मग काय झालं ते नीट क्रमानं सांगायला हवं, कारण खरं प्रकरण या क्रमातच आहे.

सुरुवातीचे काही महिने फक्त व्हॉट्सॲप. मुलगा, भाऊ, बहीण, आणि मग एकेक ग्रुप: माहेरच्या बहिणींचा, संघाचा, सातवीच्या बॅचचा. 2023 च्या ऑगस्टला गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरच्या बाईसाठीच्या योजनेचे, महिन्याला दोन हजार सुरू झाले तेव्हा कुणाचे आले, कुणाचे अडकले, कुठला कागद लागतो हे सगळं संघाच्या ग्रुपवरच यायचं. सरकारी कागद कन्नडमध्ये आणि शोभाक्कांना कन्नड बोलता येतं पण वाचायला अडखळतं, म्हणून ग्रुपवर कुणीतरी मराठीत लिहिलेलं वाचणं ही त्यांची गरजच होती. फोन हातात असायला आता दुसरं कारण मिळालं, तेसुद्धा खरंच.

त्याच सुमारास पुतणीनं यूट्यूबवर ब्लाउज कटिंगचे व्हिडिओ दाखवले. हे मी मुद्दाम लिहितेय, शोभाक्का तिथं खरोखर शिकल्या. कटोरी ब्लाउज त्यांना येत होता, पण प्रिन्सेस कट, बोट नेक, पाठीला डोरी-लटकन, पॅडवालं, हे सगळं त्या व्हिडिओ थांबवून थांबवून, वर्तमानपत्राच्या कागदावर कापून शिकल्या. ऑर्डरी वाढल्या. लग्नाचे ब्लाउज बेळगावला जायचे ते त्यांच्याकडं यायला लागले. त्या जोरावर त्यांनी संघातून कर्ज काढून पिको-फॉलचं मशीन घेतलं.

म्हणजे पहिल्या वर्षात फोननं पोरगा जवळ आणला, योजनेची माहिती दिली, धंदा वाढवला. घरात कुणी शंका घ्यावी असं काही नव्हतंच.

मग पुतणीनंच सांगितलं, काकी तुमचे ब्लाउज इन्स्टावर टाका. एक हिरवा खणाचा ब्लाउज होता, पाठीवर मोराची नक्षी, लटकन हलताना दिसावं म्हणून पुतणीनं तो दोरीवर वाळत घातल्यासारखा टांगून रील काढली. आधीच्या फोटोंना चाळीस-पन्नास लोक बघायचे. ही रील अकरा हजार जणांनी बघितली. कोल्हापूरच्या, सोलापूरच्या, कुठल्या कुठल्या बायकांनी "ताई खूप सुंदर" लिहिलं, एकीनं पत्ता विचारला. शोभाक्का त्या रात्री दोन वाजेपर्यंत जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी अजून एक रील टाकली, साठ जणांनी बघितली. तिसरी, नव्वद. सातवी की आठवी परत दोन हजारांवर गेली.

इथं थोडं थांबते. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात उंदीर-कबुतरांवर प्रयोग केले होते, दाणा कधी मिळणार हे ठरलेलं नसेल तर प्राणी टोच मारायचं लवकर सोडत नाही असं त्यात दिसलं. दर वेळी मिळालं तर पोट भरतं आणि तो थांबतो, कधीच मिळालं नाही तर तो नाद सोडतो, पण कधी मिळतं कधी नाही असं असलं की टोच चालूच. शोभाक्कांना पहिल्याच महिन्यात अकरा हजार आणि मग साठ असं मिळालं. पहिल्यापासून सगळ्या रील साठवर राहिल्या असत्या तर मला वाटतं त्यांनी महिन्याभरात नाद सोडला असता.

आणि दुसरं, ते जास्त महत्त्वाचं. वीस वर्षं शिवणकाम करून त्यांना कुणी "छान शिवलंय" असं तोंडावर म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक येतं, काखेत घट्ट झालंय म्हणतं, पैसे कमी करून देतं. नवरा लांब. सासूचा स्वभाव कमी बोलण्याचा. अशा बाईला एका रात्रीत अकरा हजार लोक बघतात, शंभरावर बायका कौतुक करतात, हे तिच्या मनाला काय झालं असेल ते समजून न घेता जो कुणी "फोन काढून घ्या" म्हणतो त्याला या प्रकरणातलं काही कळलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण कुठं दिसली

2024 च्या सुरुवातीला दिराच्या घरी फायबरचं कनेक्शन आलं, पासवर्ड शोभाक्कांनाही मिळाला. याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. तोपर्यंत रोजचा दीड जीबी डेटा होता, दुपारी तीन-चारला संपल्याचा मेसेज यायचा आणि फोन आपोआप बाजूला पडायचा. रीलला तर शेवट नसतोच, खाली सरकवत राहिलं की पुढचं येतंच. हे न संपणारं पान 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरनं बनवलं आणि पुढं त्याबद्दल त्यानं स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. आधी पानाच्या तळाशी आल्यावर पुढच्या पानावर जायचं की नाही हे माणूस ठरवायचा, ते ठरवणंच गेलं. शोभाक्कांसाठी ते काम डेटा संपल्याचा मेसेज करत होता. वायफाय आलं आणि तो मेसेज यायचा बंद झाला.

आपल्या सीमाभागातली अजून एक गोष्ट. शोभाक्कांच्या फोनवर सुरुवातीला यूट्यूब, इन्स्टा सगळं कन्नड आणि हिंदी दाखवत होतं, ठिकाण कर्नाटक आहे म्हणून असेल. शोभाक्का त्यातलं मराठी तेवढं थांबून बघायच्या, बाकी सरकवायच्या. थोड्याच दिवसात सगळा फोन मराठी झाला, ओव्या, नवरा-बायकोची भांडणं, चुलीवरचा स्वयंपाक, शिलाई, गोव्यात कामाला असलेल्या नवऱ्याच्या बायकोवरची कॉमेडी. त्यांनी काही मागितलं नव्हतं, कुठं किती सेकंद थांबल्या एवढ्यावरून ते कळलं. ऑफिसचा बोर्ड, बसची पाटी, रेशनचा कागद यातलं मराठी शोधावं लागणाऱ्या बाईला फोनमध्ये मात्र सगळे आपल्यासारखंच बोलणारे भेटले. त्यात रमणं साहजिक आहे.

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. त्या वर्षी शोभाक्कांकडं सतरा ब्लाउज एका आठवड्यात द्यायचे होते. एका नवरीचा शालूवरचा ब्लाउज हळदीच्या संध्याकाळपर्यंत नुसता कापून पडला होता, बाह्या लावलेल्या नव्हत्या. नवरीची आई आली, एक शब्द बोलली नाही, कापलेलं कापड पिशवीत घातलं आणि भावाच्या गाडीवर बसून बेळगावला गेली, तिथं जास्त पैसे देऊन रातोरात शिवून घेतलं. गावात हे पसरायला वेळ लागत नाही. जूनपासून ऑर्डरी कमी, जून-जुलैचे संघाचे दोन हप्ते थकले. फेसबुकवर लाइव्ह सेलमध्ये घेतलेल्या साड्यांचे पैसे वेगळेच गेले होते.

रात्री झोप नाही म्हणून सकाळी डोकं जड, डोकं जड म्हणून मशीनवर बसवत नाही, बसवत नाही म्हणून परत फोन. सासूबाई मला म्हणाल्या, "दिवसभर त्या काचेत तोंड घालून बसती. पाणी मागितलं तरी हूं म्हणती आणि उठत न्हाई." शोभाक्का म्हणाल्या, "कुणी बघितलं काय तेवढंच बघून ठेवतो म्हणून उचलते बघ, मग कधी तास गेला कळतच न्हाई. मला सोडायचं हाय. पण सोडलं तर दिवसभर ह्या घरात कोण हाय माझ्याशी बोलायला?"

या शेवटच्या प्रश्नाला घरात कुणाकडं उत्तर नव्हतं.

काय काय पर्याय होते

नवऱ्याचं म्हणणं सरळ, फोन काढून घ्यायचा, बटणाचा साधा फोन द्यायचा. मुलाचं म्हणणं, मी पुण्यातून लॉक लावतो, लहान पोरांसाठी असतं तसलं ॲप टाकून. 47 वर्षांच्या आईच्या फोनचं कुलूप पोराच्या हातात, हे मला पटलं नाही आणि शोभाक्कांना त्याहून नाही, "मी काय बालवाडीत हाय काय" म्हणाल्या आणि विषय संपला.

नणंद म्हणाली सोडून द्या, कंटाळा आला की आपोआप कमी होईल. काही लोकांचं होतंही तसं. पण हप्ते थकलेले, झोप गेलेली आणि गिऱ्हाईक तुटत चाललेलं, अशा वेळी वाट बघणं परवडणारं नव्हतं.

दिरानं सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण काढलं. तिथं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा. आपल्या पंचायतीत पण असं करूया म्हणाला. चांगलीच गोष्ट आहे, पोरांच्या अभ्यासासाठी तर नक्कीच. पण शोभाक्का सात ते साडेआठ चुलीपुढं असतात, त्यांचा फोन चालतो दुपारी आणि रात्री दहानंतर. त्यांच्यापुरता भोंग्याचा उपयोग नव्हता.

डॉक्टरला दाखवायचं का हा प्रश्न मी स्वतः काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा असा वेगळा आजार दिलेला नाही, त्यामुळं बाईंवर कसलाही शिक्का मारायचं कारण नव्हतं. पण झोप जाणं, जेवण कमी होणं, उदास वाटणं, जीव नकोसा होणं, यातलं काय आहे ते विचारायलाच हवं. विचारलं. झोप सोडली तर बाकी तसं काही नव्हतं. तरी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, 14416, त्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिली, फुकट आहे आणि भाषा निवडता येते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून यासाठीच शट नावाचं वेगळं क्लिनिक आहे, घरची परिस्थिती बिघडली तर तिथपर्यंत जाता येईल हेही मुलाला सांगितलं.

राहिला शेवटचा पर्याय, तो कटकटीचा: फोन ठेवायचा, आणि त्यातली कुठली गोष्ट कामाची, कुठली ओढणारी हे सुटं करून एकेक हाताळायचं.

आधी काय झालं

आमचं हे बोलणं चाललंय तोवर चतुर्थी आली, सप्टेंबर 2024. नवरा गोव्याहून आला, पोरानं त्याला फोनवर सगळं सांगितलेलं, गणपती बसले त्याच दिवशी वादावादी झाली आणि त्यानं फोन काढून घेतला. बटणाचा फोन देऊन आठवड्यानं परत गोव्याला गेला, हा फोन सोबत घेऊन.

निर्णयाची ही पहिली जागा, आणि इथं जे झालं त्यातून बरंच शिकण्यासारखं आहे. गिऱ्हाईक बायका मापं, गळ्याचे डिझाइन, "कधी न्यायला येऊ" सगळं व्हॉट्सॲपवर पाठवत होत्या, ते बंद पडलं, उरल्यासुरल्या ऑर्डरीपण गेल्या. पोराचं रोजचं दिसणं बंद झालं, त्यामुळं सासूबाईच आधी चिडल्या. शोभाक्का दुपारी दिराच्या घरी जाऊन पुतणीच्या फोनवर आपलं अकाऊंट उघडून बसायला लागल्या, म्हणजे नाद तसाच राहिला, वर चोरीची भावना आली. नवऱ्याशी बोलणं जवळजवळ तुटलं. दिवाळीआधी पुतणीच्या वडिलांनी मधे पडून फोन परत मागवला.

नवऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे मी ठामपणे सांगते. हप्ता थकलाय म्हणून तो स्वतः जादा शिफ्ट करत होता. पण ज्या वस्तूत धंदा, पोरगा, योजना आणि नाद असं सगळं एकत्र बसलंय ती उचलून नेली की चारही जातात, आणि माणूस त्यातल्या चौथ्यासाठीच आधी वाट शोधतो.

मग काय केलं

फोन परत आल्यावर लगेच कुठलाच नियम लावला नाही. आधी बघायचं ठरलं. शोभाक्कांच्या मशीनच्या लाकडी फळीवर मार्किंगचा खडू असतोच. फोन उचलला की फळीवर रेघ ओढायची, कामासाठी उचलला तर सरळ, उगाच उचलला तर तिरकी. लिहायचं काही नाही, वही नाही, कुणाला दाखवायचं नाही. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायच्या आधी पुतणीनं फोटो काढायचा एवढंच.

पहिल्या दिवशीच फळी भरली, सरळ रेघा चार-पाच आणि बाकी तिरक्यांचं रान. शोभाक्का बघत बसल्या नुसत्या. आठवडाभराचे फोटो समोर ठेवल्यावर तीन गोष्टी दिसल्या ज्या आम्हाला कुणालाच आधी सुचल्या नव्हत्या.

एक, बॉबिन संपली, दोरा तुटला, हेस्कॉमची लाइट गेली, म्हणजे हात रिकामा झाला की तिरकी रेघ.

दोन, ज्या दिवशी स्टेटस टाकलंय त्या दिवशी तिरक्या रेघा दुप्पट, आणि त्यातल्या बऱ्याचशा स्टेटस टाकल्यावरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात. कोणी कोणी बघितलं ती यादी उघडायची. धाकट्या जावेनं बघितलं, बहिणीनं नाही बघितलं, का नाही बघितलं.

तीन, आणि ही सगळ्यात पकडायला अवघड, बऱ्याच वेळा रेघ सरळ सुरू झालेली. गळ्याचं डिझाइन बघायला यूट्यूब उघडलं, डिझाइन दोन मिनिटात मिळालं, त्याखालचं दुसरं काहीतरी दिसलं आणि चाळीस मिनिटं गेली. पुतणीनं अशा रेघेला पुढं शेपूट काढायला सांगितलं. शेपटीवाल्या रेघा मोजल्यावर कळलं की सगळ्यात जास्त वेळ यातच जातोय, आणि तो वेळ शोभाक्का स्वतः "कामात गेला" असं धरत होत्या.

मग एकेकावर इलाज.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये रीड रिसीट बंद केली. त्यानं निळ्या टिका तर जातातच, पण आपलं स्टेटस कोणी बघितलं तेपण दिसत नाही. स्टेटस टाका, हवं तितकं टाका, पण यादीच नाही म्हटल्यावर उघडून बघायचं काय? माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी बदल हा, आणि करायला एक मिनिट लागलं. पहिले दोन-तीन दिवस शोभाक्का बेचैन होत्या, परत चालू कर म्हणून पुतणीच्या मागं लागल्या होत्या. पुतणीनं रविवारपर्यंत थांबा म्हटलं. रविवारी त्यांनीच विषय काढला नाही.

यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसली आणि बंद केली. तसं केलं की उघडल्यावरचं पहिलं पान रिकामं येतं, सुचवलेले व्हिडिओ दिसत नाहीत, जे पाहिजे ते नाव टाकून किंवा बोलून शोधावं लागतं. ऑटोप्ले बंद. शिवाय नेहमी लागणारी वीस-पंचवीस गळ्याची डिझाइनं पुतणीनं निवडली आणि शोभाक्का खानापूरला जाऊन रंगीत प्रिंट मारून, लॅमिनेशन करून घेऊन आल्या, शक्ती योजनेमुळं बायकांना बस फुकट आहे त्यामुळं खर्च प्रिंटचाच. ती पानं आता मशीनच्या वर खिळ्याला टांगलेली असतात, गिऱ्हाईक बाई बोट ठेवून सांगते हे पाहिजे. फोन उघडायचं एक मोठं कारणच गेलं.

गिऱ्हाइकांना सांगितलं, मेसेज नको, फोन करा, दुपारी चारला मी मेसेज बघते. नोटिफिकेशन सगळी बंद, फक्त कॉल वाजणार. रात्री चार्जिंगला फोन स्वयंपाकघरात, उशाशी नाही. गजराचं घड्याळ आठवड्याच्या बाजारातून आणलं, कारण गजर फोनवर आहे म्हणून फोन उशाशी लागतो हे कारण त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

इन्स्टाचं काय करायचं यावर मात्र आमच्यात मतभेद झाले. ही निर्णयाची दुसरी जागा. माझं म्हणणं होतं पूर्ण काढा. पुतणी म्हणाली, काकींचं काम लोकांनी बघणं यात वाईट काय आहे, ते काढलं तर त्यांच्याकडं आनंदाचं काय उरतं? विचार केल्यावर तिचं मला पटलं. शेवटी ठरलं ते असं, इन्स्टा शोभाक्कांच्या फोनमध्ये नाही, पुतणीच्या फोनमध्ये. शनिवारी संध्याकाळी दोघी बसून आठवड्यातल्या चांगल्या ब्लाउजचा फोटो किंवा रील टाकतात, पुढच्या शनिवारी आलेल्या कमेंट पुतणी वाचून दाखवते. आकडे सांगत नाही, शोभाक्कांनीच सांगू नको म्हटलं.

आणि मोकळ्या हाताचं काय, लाइट गेली की काय करायचं, यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. हातशिलाईचं काम, हुक लावणं, लटकन बनवणं, ते सगळं एका डब्यात बाजूला ठेवायला लागल्या. लाइट गेली की डबा.

"दिवसभर कोण हाय बोलायला" या प्रश्नावर फोनच्या सेटिंगमध्ये काहीच मिळणार नव्हतं. संघातल्या दोघीजणींना शिवण शिकायचंच होतं, त्या दुपारी अकरा ते एक शोभाक्कांकडं बसायला लागल्या, शिकण्याचे थोडे पैसे पण देतात. अकरा ते एक हीच त्यांची सगळ्यात वाईट वेळ होती. आणि नवऱ्याशी? तो परत फोन करायला लागला, पण त्याला बराच वेळ गेला, नवीन वर्ष उजाडलं तेव्हा कुठं दोघं नीट बोलले.

निकाल

फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये वेळ दिसतो. फोन परत आला त्या आठवड्यात रोजचे सहा तासांच्या वर जात होते. 2025 च्या लग्नसराईत दीड-दोन तासांवर होते, त्यात पोराचा व्हिडिओ कॉल धरून. रात्री अकराच्या आत झोपतात. थकलेले हप्ते मार्चपर्यंत फिटले. ज्या नवरीचा ब्लाउज राहिला होता तिच्या धाकट्या बहिणीचे ब्लाउज मात्र परत आले नाहीत, ते घर तुटलं ते तुटलंच, शोभाक्कांना त्याचं अजून वाईट वाटतं.

सगळं सरळ झालं असंही नाही. पावसाळ्यात काम कमी, बाहेर पडता येत नाही, त्या दोघी रोपलावणीला गेल्या की दुपार परत रिकामी, तेव्हा वेळ चारवर गेलेला. फेसबुक तसंच आहे, ते काढायला त्या तयार नाहीत, सातवीच्या बॅचची माणसं तिथं आहेत म्हणून. माहेरी गेल्या की बहिणीच्या फोनवर रात्रभर रील बघतात आणि आल्यावर स्वतःहून सांगतात. पावसाळ्यात खडू परत फळीवर आला होता, कुणी सांगितलं नाही, त्यांनीच काढला.

वेगळं काय करता आलं असतं

वायफायचा पासवर्ड देताना कुणीतरी विचार करायला हवा होता. पासवर्ड देऊ नये असं नाही म्हणत, पण दीड जीबीची मर्यादा गेली म्हणजे थांबायची जागा गेली, हे घरात शिकलेल्या पोरांना तरी कळायला हवं होतं. रात्री दहाला राउटर बंद करणं एवढंसुद्धा पुरलं असतं.

अकरा हजारांच्या रीलनंतर घरातल्या कुणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं होतं, रागावून नाही, आनंदानं. पोरानं "आई भारी" म्हणून एक अंगठा पाठवला होता. त्यानं फोन करून कुठल्या बाईनं काय लिहिलं, नक्षी कशी काढलीस असं अर्धा तास विचारलं असतं तर त्या कौतुकाची भूक थोडी घरातच भागली असती असं मला वाटतं.

आणि संघाच्या बाजूनं: जूनचा हप्ता चुकला तेव्हाच कुणीतरी घरी जायला हवं ही पद्धत आता आम्ही लावलीय, दुसरा चुकेपर्यंत थांबत नाही. हप्ता चुकला की पैशाआधी झोप, तब्येत, घरात कोण आहे कोण नाही हे विचारतो. फोन तिथं निघतोच असं नाही, कधी दारू निघते, कधी आजारपण.

नवीन माणसाच्या हातात फोन देतानाच तो कसा लावून द्यायचा, हे सगळ्यात आधी करायचं काम, आणि सगळ्यात सोपं. त्याची संधी याच घरात परत आली. सासूबाईंना कीर्तनं ऐकायची हौस, दिवाळीत नातवानं त्यांनाही एक फोन आणला. या वेळी पुतणीनं तो डब्यातून काढून आधी स्वतःकडं ठेवला, यूट्यूबची हिस्टरी बंद, ऑटोप्ले बंद, नोटिफिकेशन बंद, इन्स्टा-फेसबुक नाहीच, कीर्तनाची यादी उतरवून ठेवलेली, वायफायचा पासवर्ड घातलेला नाही. नातू म्हणाला एवढं कशाला, आज्जी काय रील बघणाराय काय. तेव्हा शोभाक्काच त्याला म्हणाल्या, "मी तरी कुठं बघणार होते, तुला बघायलाच घेतला होता न्हवं फोन." आणि मग आज्जीला शेजारी बसवून कॉल कसा उचलायचा, कीर्तन कसं लावायचं आणि संपल्यावर कसं बंद करायचं हे तिन्ही त्यांनीच शिकवलं.